अभियांत्रिकीचे पहिले वर्ष सामायिक ठेवा, शाखा वर्षाअखेर ठरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा आणि गुजसेटचा, म्हणजे गुजरातच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की वडोदऱ्यातल्या मराठी घरांत चर्चेला एकच विषय उरतो. दांडिया बाजार असो, वाडी असो की मांजलपूर, आईवडील मुलाला किंवा मुलीला घेऊन संगणकासमोर बसतात आणि महाविद्यालय व शाखा यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरू लागतात. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, मेटलर्जी (धातुशास्त्र), टेक्स्टाइल, कॉम्प्युटर. यांतली एकही शाखा त्या मुलाने पाहिलेली नसते. शाळेत त्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित केलेले असते, अभियांत्रिकी केलेली नसते. तरीही पुढची चार वर्षे आणि बहुधा पुढचे सगळे काम त्या एका रात्रीच्या यादीवर ठरते. पहिल्या वर्षाचे वर्ग आणि प्रयोगशाळा वर्षानुवर्षे सांभाळलेले आम्ही काही निवृत्त शिक्षक या पत्रातून एक मागणी मांडत आहोत: मुलांना अभियांत्रिकीत आधी येऊ द्या, शाखेचा अंतिम निर्णय दुसऱ्या सत्राच्या शेवटी घेऊ द्या.

ही मागणी वडोदऱ्यातून व्हावी यालाही कारण आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले, तेव्हापासून या शहरात तांत्रिक शिक्षण हाताने काम करून सुरू होत आले आहे. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. आजही रिक्षावाल्याला ‘कलाभवन’ एवढेच सांगितले की पुरते. शिवाय जवळजवळ प्रत्येक शाखेचे काम या शहराच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात चालू आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे, फर्टिलायझरनगरला खतांचा कारखाना आहे, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) ट्रान्सफॉर्मरपासून दाबपात्रांपर्यंत सगळे बनते, सावली गावाला मेट्रोचे डबे तयार होतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या जुळणीचा कारखानाही इथेच आहे. मुलांना शाखा दाखवायची म्हटले तर याहून सोयीचे शहर शोधावे लागेल.

पहिले वर्ष आजही बऱ्याच अंशी सामायिकच आहे, हे पालकांना सहसा माहीत नसते. एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) जानेवारी २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम दिला. त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक धरले आहेत. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक आणि दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्रोग्रामिंग, मूलभूत विद्युत अभियांत्रिकी, अभियांत्रिकी आलेखन (ड्रॉइंग), वर्कशॉप आणि इंग्रजी. सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रमही सांगितला आहे. म्हणजे सिव्हिलचा आणि कॉम्प्युटरचा मुलगा वर्षभर जवळजवळ तेच शिकतो. फक्त त्याच्या ओळखपत्रावर शाखेचे नाव आधीच छापलेले असते आणि त्या नावापलीकडे बघायला त्याला कोणी सांगत नाही.

अडचण अशी की हे विषय शाखांची ओळख करून देण्यासाठी आखलेलेच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून मुले चुकीचे निष्कर्ष काढतात. काही उदाहरणे सविस्तर देतो.

ड्रॉइंगपासूनच सुरू करू. पहिल्या चाचणीत ड्रॉइंगमध्ये कमी गुण पडले की ‘मला मेकॅनिकल-सिव्हिल जमणार नाही’ असे मुले ठरवून टाकतात. भारतात प्रथम कोन प्रक्षेप वापरतात, म्हणजे समोरचे दृश्य वर, वरचे दृश्य त्याच्याखाली आणि डाव्या बाजूचे दृश्य उजवीकडे. मुले ही मांडणी पाठ करतात, पण वस्तू डोळ्यांपुढे आणत नाहीत. मग छेदाचा प्रश्न आला की रेघा बरोबर आणि आकार चुकीचा, असे होते. यावर घरगुती उपाय आहे. साबणाच्या वडीचा किंवा बटाट्याचा शंकू आणि लोलक कापायचा, प्रश्नात दिलेल्या कोनात सुरी चालवायची, कापलेला भाग कागदावर ठेवून त्याची कड काढायची आणि मगच ड्राफ्टर (रेघा आखण्याचे उपकरण) हातात घ्यायचा. रचनेच्या रेषांना २एच आणि बाह्यरेषांना एच पेन्सिल, टोक दर दहा मिनिटांनी घासलेले. असे सहा आठवडे केल्यावर ज्या मुलाला आकार दिसत नव्हता त्याला तो दिसू लागतो. ड्रॉइंग हे सवयीने येणारे कौशल्य आहे, म्हणून पहिल्या चाचणीच्या गुणांवरून शाखा ठरवू नये.

वर्कशॉपचे नेमके उलटे आहे. तिथे सगळ्यांना चांगले गुण मिळतात आणि कोणाला काहीच कळत नाही. फिटिंगमध्ये ५० बाय ५० मिलिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी तुकडा देतात. त्याच्या दोन कडा कानशीने घासून गुण्यात (काटकोनात) बसवायच्या आणि मग व्ही खाच काढायची. नवख्याची कड नेहमी मधे फुगीर होते, कारण कानस पुढे जाताना त्याचे हात झोक्यासारखे वरखाली होतात. सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मागच्या हाताचा जास्त, असे केले तरच पृष्ठभाग सपाट येतो. हे कळायला पाच-सहा तास घासावे लागते. काही ठिकाणी मुले बाहेरून तयार जॉब विकत आणतात, तो तपासला जातो आणि सही होते. अशा मुलाला उत्पादन अभियांत्रिकी आपल्याला आवडते की नाही हे शोधण्याची एकच संधी होती आणि तीच गेली. शिक्षकांनी तुकड्यावर पहिल्या दिवशी हजेरी क्रमांक ठोकून घेतला तर हा प्रकार थांबतो.

मूलभूत विद्युत अभियांत्रिकीत डीसीची मंडले जमतात आणि एसी सुरू झाली की वर्ग गळतो. त्यामागे एक साधे वेळापत्रक आहे. एसीचा दाब आणि प्रवाह बाणांनी मांडतात, त्या फेजरसाठी संमिश्र संख्या लागतात, आणि त्यांची उजळणी गणिताच्या पेपरात बरेचदा त्यानंतर येते किंवा येतच नाही. गणिताच्या शिक्षकाने तो एक आठवडा आधी घेतला तर इलेक्ट्रिकल ही ‘अवघड शाखा’ राहत नाही. शिवाय या विषयाला सगळ्या तुकडीला एकच शिक्षक असतो. त्याचे शिकवणे आवडले नाही की ती शाखाच आवडेनाशी होते. या चुकीला आम्ही सर्वात जास्त मुले बळी पडताना पाहिली आहेत.

केमिकलबद्दल तर शहरभर गैरसमज आहे. रसायनशास्त्रात नव्वद गुण, मग केमिकल घ्या, शेजारी रिफायनरी आहेच. पण केमिकल अभियंता दिवसभर जे करतो त्यात वस्तुमान आणि ऊर्जा यांचा हिशेब, नळीतला प्रवाह आणि उष्णतेचे वहन जास्त, अभिक्रिया पाठ करणे कमी. दुसऱ्या वर्षाचा पहिला धडा कसा असतो ते पाहा: १००० किलो उसाचा रस आहे, त्यात १० टक्के घन पदार्थ आहेत, तो ४० टक्क्यांपर्यंत आटवायचा आहे, तर किती पाणी उडेल? घन पदार्थ १०० किलो, तेच अखेरच्या मालाचे ४० टक्के, म्हणून माल २५० किलो आणि उडालेले पाणी ७५० किलो. मग ते पाणी उडवायला किती वाफ, ती वाफ कुठून आणायची, आटताना रस तळाला लागू नये म्हणून काय करायचे. ज्याला या प्रश्नांची साखळी पुढे न्यावीशी वाटते त्याने केमिकलला जावे, मग त्याला सेंद्रिय रसायनात साठ गुण का असेनात.

कॉम्प्युटरचेही असेच. प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकात दहा प्रोग्राम पाठ करून परीक्षा पार होते. कागदावर एखादे लूप पायरीपायरीने चालवून दाखव म्हटले तर पेन थांबते. तिसऱ्या सत्रात मात्र डिस्क्रीट गणित आणि डेटा स्ट्रक्चर समोर येतात, जिथे टंकलेखनापेक्षा विचार लागतो. हजार संख्या शेजारच्या शेजारी तुलना करत लावायच्या तर साधारण पाच लाख तुलना होतात. तीच यादी लावलेली असेल तर त्यात एखादी संख्या दहा पायऱ्यांत सापडते, कारण दर पायरीला यादी निम्मी होते. हा फरक वाचून ज्याला कुतूहल वाटले त्याने ही शाखा जरूर घ्यावी. पगाराचा आकडा ऐकून आलेल्या मुलाला तिसऱ्या सत्रात तोच अभ्यास रोज जड जातो.

म्हणून आमची पहिली सूचना ‘शाखा परिचय’ नावाच्या एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकाची आहे. दुसऱ्या सत्रात चौदा आठवडे, आठवड्याला दोन तास. इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्स एकत्र धरले तर सात विभाग होतात, प्रत्येकाला सलग दोन आठवडे. समजा ४२० मुले आहेत, वीस-वीसच्या २१ तुकड्या. मग एका वेळी प्रत्येक विभागाकडे तीन तुकड्या येतात, म्हणजे विभागाच्या प्रयोगशाळेचे आठवड्याला सहा तास जातात. एवढी जागा वेळापत्रकात निघते. भाषणे आणि स्लाइड नकोत. प्रत्येक विभागाने मुलांच्या हातून एकच काम करून घ्यावे, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासातलेच असावे.

सिव्हिलसाठी तर दोन आठवड्यांचे अंतर देवानेच दिल्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात तुकडीचे दोन गट करायचे. दोघांना ५ किलो सिमेंट, साडेसात किलो वाळू आणि १५ किलो खडी, वजनाने १:१.५:३. एका गटाला सव्वादोन लिटर पाणी, दुसऱ्याला सव्वातीन लिटर. दुसऱ्या गटाचा माल साच्यात पटकन बसतो, त्यांना वाटते आपण जिंकलो. पहिल्या गटाला सळईने कोचत बसावे लागते. १५० मिलिमीटरचे तीन-तीन क्यूब होतात, प्रत्येकी सुमारे आठ किलोचे. दुसऱ्या दिवशी साचे उघडायचे, क्यूब पाण्यात ठेवायचे आणि सात दिवसांनी यंत्रात फोडायचे. एम-२०, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटने सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद गाठावी अशी अपेक्षा असते, म्हणजे एका क्यूबने सुमारे ३०० किलोन्यूटन, ढोबळमानाने ३० टन पेलले पाहिजेत. जास्त पाण्याचा क्यूब त्याच्या आधी फुटतो. सिमेंटला लागते त्याहून अधिक पाणी नंतर उडून जाते आणि मागे पोकळ्या राहतात, हे मग फळ्यावर सांगायला दोन मिनिटे पुरतात. काट्यावरचा फरक पाहिलेला मुलगा पुढे कोणत्याही शाखेत गेला तरी साइटवर पाइपाने पाणी ओतणाऱ्याला थांबवील. जुलै २०२५ मध्ये महीवरचा गंभीरा पूल पडला, त्याच्या आदल्या वर्षी विश्वामित्रीचे पाणी आपल्या घरांत शिरले. या शहरात सिव्हिल ही ‘उरलेल्यांची शाखा’ म्हणून बोलली जाते याचे आम्हाला फार वाईट वाटते.

दुसरे काम मेटलर्जीचे, कारण ही शाखा कोणीच ओळखत नाही आणि पाहिल्यावर सर्वात जास्त मुले तिच्या प्रेमात पडतात. ०.४ टक्के कार्बनच्या पोलादाच्या बोटभर जाड सळईचे दोन तुकडे ८५० अंशांच्या भट्टीत अर्धा तास ठेवायचे. एक चिमट्याने काढून थेट पाण्यात, दुसरा भट्टीतच, भट्टी बंद करून. काढल्यापासून पाण्यात जाईपर्यंत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर प्रयोग फसतो, तुकडा हवेतच थंड होऊ लागतो. पुढच्या आठवड्यात दोन्हींची कठीणता मोजायची. पाण्यात टाकलेला रॉकवेल सी या कठीण धातूंच्या मापावर ५० च्या आसपास किंवा वर जातो. भट्टीत निवलेला इतका मऊ असतो की त्याला मऊ धातूंचे बी माप लावावे लागते. धातू तोच, वजन तेच. मग दोन्ही तुकडे बारीक होत जाणाऱ्या एमरी कागदांवर घासायचे, प्रत्येक कागदाला तुकडा नव्वद अंशांत फिरवायचा म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. शेवटी कापडावर चकाकी आणायची आणि दोन टक्के नायटलमध्ये काही सेकंद बुडवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली एकात पांढरे-काळे कण, दुसऱ्यात सुया. नायट्रिक आम्लाचा हा द्राव शिक्षकाने स्वतः करावा, मुलांनी हातमोजे आणि चष्मा घालावा.

बाकीच्यांची कामे विभागांनाच चांगली सुचतील. टेक्स्टाइलने दहा ग्रॅम सुती कापडावर एक टक्क्याची छटा रंगवून घ्यावी, म्हणजे ०.१ ग्रॅम रंग आणि २०० मिलिलिटर पाणी. सोडा आधीच टाकला तर रंग डागाडागांनी बसतो, हे मुलांना स्वतः चुकून कळू द्यावे. मेकॅनिकलने जुन्या स्कूटरचे इंजिन खोलून सिलिंडरचा व्यास वर-मध्य-खाली मोजायला लावावा, झीज कुठे जास्त आहे ते आकड्यांतून दिसते. इलेक्ट्रिकलने बिनभाराची मोटर चालवून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती भाग कामी येतो तो आकडा) वाचावा, मग कपॅसिटर जोडून पुन्हा वाचावा.

या प्रात्यक्षिकाला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढाच शेरा असावा. गुण ठेवले की मुले शाखा पाहणे सोडून गुण पाहू लागतील.

आता नियमांकडे येतो, कारण चांगली कल्पना नियमात अडकते. परदेशात केंब्रिजला अभियांत्रिकीची पहिली दोन वर्षे सगळ्यांना समान असतात. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात पहिले वर्ष स्वतंत्र विभागाकडेच असते. टोरंटोला शाखा न सांगता प्रवेश घेण्याची सोय आहे. आपल्याकडे आयआयटी गांधीनगरने पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम चालवून पाहिला आहे. पिलानीच्या बिट्समध्ये एम.एस्सी.ला आलेल्या मुलांना पहिल्या वर्षाच्या गुणांवर अभियांत्रिकीची शाखा मिळते. मात्र निव्वळ गुणांवर शाखा वाटण्याच्या पद्धतीची आम्हाला भीती वाटते. तिथे पहिले वर्ष दुसरी प्रवेशपरीक्षा बनते. मुले सोपा परीक्षक शोधतात, वर्कशॉपचा जॉब विकत आणतात आणि प्रत्येक शतांश गुणासाठी भांडतात. ज्याला पहिल्या सत्रात घर सोडल्यामुळे किंवा भाषेमुळे जम बसायला वेळ लागला तो कायमचा मागे पडतो.

आमची सूचना वेगळी आहे. प्रवेशाच्या वेळी आजच्याप्रमाणे शाखेची जागा द्यावी, पण ती हमी म्हणून. ही जागा त्याच्याकडून कोणी काढून घेणार नाही, म्हणून पालकांना धास्ती नको. वर्षअखेरीस मात्र प्रत्येकाला विचारावे: हीच ठेवायची की बदलायची, बदलायची तर कोणत्या क्रमाने. मग अदलाबदल साखळीने करावी. हा मुद्दा उदाहरणाशिवाय कळत नाही. एकाला मेकॅनिकलमधून कॉम्प्युटर हवे आहे, दुसऱ्याला सिव्हिलमधून मेकॅनिकल, तिसरीला कॉम्प्युटरमधून सिव्हिल. ‘जागा रिकामी असेल तरच बदल’ या प्रचलित प्रकारच्या नियमाने तिघांनाही नकार मिळतो, कारण एकही जागा रिकामी नाही. तिघांना एकदम हलवले तर तिघांचेही काम होते आणि कोणत्याही शाखेची संख्या बदलत नाही. त्याचप्रमाणे एक जागा खरोखर रिकामी झाली, तर ती भरल्यावर मागे सुटलेली जागा पुढच्याला आणि तिच्या मागची त्याच्या पुढच्याला द्यावी. यादी एकदाच वाचून बंद करू नये, कोणी हलेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवावी. चारशे मुलांसाठी संगणकाला हे क्षणाचे काम आहे. गुण फक्त तिथे पाहावेत जिथे एकाच जागेवर दोघांचा हक्क येतो.

यात चार ठिकाणी चुका होतील, त्या आधीच टाळाव्यात. राखीव प्रवर्गांचा आणि अनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित जागांचा हिशेब मोडू नये, म्हणून अदलाबदल त्या त्या गटाच्या आत करावी. शिक्षण शुल्कमाफी योजनेतल्या जागांना शाखा बदलता येत नाही, हे त्या मुलांना प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. आज ते त्यांना वर्षानंतर कळते आणि फार लागते. डिप्लोमा करून थेट तिसऱ्या सत्रात येणाऱ्यांच्या जागा अदलाबदल संपल्यावर मोजाव्यात, आधी नाही. आणि फेरतपासणीचे निकाल तिसरे सत्र सुरू झाल्यावर येतात, तोवर थांबले तर बदललेल्या मुलाचे पहिले पाच आठवडे बुडतात. म्हणून पहिल्या जाहीर निकालावरच साखळी फिरवावी. एखाद्या विषयात एटीकेटी असली तरी मुलाला अदलाबदलीतून वगळू नये, कारण नावडत्या शाखेत अडकलेले मूल नापास होण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

त्यासाठी पहिल्या वर्षाचे विषय खरोखर सर्व शाखांना सारखे हवेत. एका गटाला पहिल्या सत्रात भौतिकशास्त्र आणि दुसऱ्याला रसायनशास्त्र, मग दुसऱ्या सत्रात उलट, हे प्रयोगशाळांच्या सोयीसाठी ठीक आहे. पण एका शाखेला यांत्रिकी आहे आणि दुसरीला नाही असे असेल, तर बदलून आलेल्या मुलावर तिसऱ्या सत्रात एक जादा पेपर पडतो.

कॉम्प्युटरच्या जागा या पद्धतीने वाढणार नाहीत, हे स्पष्ट सांगतो. सगळे तिकडेच धावले तर बहुतेकांना नकारच मिळेल. पण मागणीचा हा लोंढा मुळात न पाहता केलेल्या निवडीतून आला आहे. क्यूब फोडून, पोलाद बुडवून, मोटर चालवून पाहिल्यावर काही मुले दिशा बदलतात, आणि जो कॉम्प्युटर सोडायला तयार होतो तो साखळी सुरू करतो. त्याला ‘वेडा आहेस का’ म्हणणारे नातेवाईक तेवढे कमी हवेत.

विद्यापीठ हे करील तेव्हा करील. यंदा यादी भरणाऱ्यांनी निदान एवढे करावे. पसंतीक्रम मागच्या वर्षीच्या कटऑफवरून लावू नका. यादीतल्या वरच्या जोडीपासून खाली पाहत जी पहिली मिळू शकते ती दिली जाते, म्हणून अवघड वाटणारी जोडी वर लिहिल्याने खालची हातची जात नाही. मनात जो क्रम आहे तोच लिहा. यादी भरण्याआधी दोन-तीन शाखांचा तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा, त्यातल्या एका विषयाचे पुस्तक ग्रंथालयातून आणा आणि पहिल्या प्रकरणातली दहा सोडवलेली उदाहरणे उत्तर झाकून करून पाहा. दहा सुटतात का यापेक्षा अकरावे करावेसे वाटते का, हे पाहा. सरकारी नोकरीचा विचार असेल तर अभियंत्याच्या पदाच्या एक-दोन जुन्या जाहिराती वाचा. त्यांत बहुधा पदवीची शाखा नावानिशी लिहिलेली असते, तिथे मागाहून केलेला अभ्यासक्रम चालत नाही. याउलट खासगी क्षेत्रासाठी १८ ते २० जादा श्रेयांकांची मायनर (दुय्यम विषयाची) पदवी किंवा गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन दुसऱ्या वाटेचे एम.टेक. हे मार्ग खुले आहेत, तेव्हा मिळालेल्या शाखेवर रडत वर्ष घालवू नका.

विद्यापीठाकडे आणि शहरातल्या इतर महाविद्यालयांकडे आमची तातडीची विनंती एवढीच की चार गोष्टी प्रवेशपुस्तिकेत छापाव्यात: शाखाबदलाचा संपूर्ण नियम, मागच्या वर्षी किती अर्ज आले आणि किती मान्य झाले, अर्जाची शेवटची तारीख, आणि कोणत्या प्रकारच्या जागांना बदल लागू नाही. आज ही माहिती मुलाला वरच्या वर्गातल्या मुलांकडून तोंडी मिळते, आणि ती मिळते तोवर अर्जाची मुदत उलटून गेलेली असते.

आपले,
पहिल्या वर्षाचे काही निवृत्त अभियांत्रिकी शिक्षक,
वडोदरा